बेचाळीस समजूतदार बायका

"मॅडम, अख्ख्या वरच्या वाडीत एकही भांडखोर बाई नाही, हे पटतं तुम्हाला?" निखतने पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

प्रयोगशाळेतला एसी चालू असूनही डॉ. वृंदा कर्णिकांना घाम फुटला.

निखत शेख वृंदाबाईंच्या संशोधन संस्थेतली संगणकतज्ज्ञ. 'प्रतिजन' तिनेच घडवले होते. जुन्या सर्वेक्षणातल्या उत्तरांवरून माणसाचा स्वभाव उचलायचा आणि त्याची बोलती प्रतिकृती करायची, म्हणजे पुन्हा गावोगाव हिंडायला नको. नर्सबाईंची आठवड्याची फेरी बंद केली तर चालेल का, असं गेल्या वर्षी वाडीतल्या बेचाळीस प्रतिजनांना विचारलं होतं. चालेल, आम्ही खाली येऊ, असं सगळ्या म्हणाल्या. फेरी बंद झाली. परवा सुगंधा झोरे ही अडलेली बाई डोलीतून खाली आणताना वाटेतच गेली. उद्या सरकारी बैठकीत फेरीचा फेरविचार होता, आणि साक्ष पुन्हा या बेचाळीस जणींचीच.

"प्रतिजन खोटं बोलू शकतो का गं?" वृंदाबाईंनी चाचरत विचारलं.

"छे! उत्तरं ज्याच्या डोक्यातून आली, त्याच्यासारखाच तो बोलतो. फॉर्म घरबसल्या भरले असतील, तर मात्र भरणाराच बेचाळीस तोंडांनी बोलतोय." निखत उठली. "नेमकी त्याची सही स्कॅनमध्ये कापली गेलीय. मूळ कागद कपाटात असतील, बघता का? मी चहा सांगून येते."

कागद बघायची गरजच नव्हती. बारा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, दोन तासांची चढण टाळून विद्यार्थिनी वृंदा खालच्या गावातल्या देवळात बसली होती. गार फरशीवर पाय पसरून, मतदारयादीतली नावं घेऊन, एका दुपारीत तिने सगळे फॉर्म उरकले होते. त्यात सुगंधाचाही होता. बाळंतपणाची भीती वाटते का? नाही.

सुगंधाचा चेहरा आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. तो त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. आपण एका बाईचा जीव घेतला, हे त्यांना लख्ख कळलं.

उद्या बैठकीत खरं सांगितलं, तर फेरी सुरू होईल. नोकरी जाईल, नाव जाईल. त्यांनी कीबोर्ड ओढला आणि बेचाळीस जणींना विचारलं, 'तुमच्या चुकीने कोणी मेलं आणि ते कोणालाच कळलं नाही, तर तुम्ही सांगाल?'

पडदा भरत गेला. नाही. नाही. नाही. सुगंधाच्या नावासमोरही तेच.

त्यांनी घाईघाईने पडदा पुसला. निखत चहा घेऊन आत आली.

"मिळाले का मॅडम कागद? कोणी भरले होते, कळलं?"

वृंदाबाईंनी कप हातात घेतला.

"नाही," त्या म्हणाल्या.