अर्ध्या बोटाची खाच

सुतार सुट्टीच्या दिवशीही सुतारच असतो. नव्या बागेत पाऊल टाकल्यापासून त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. झोपाळ्याचा वासा बारीक आहे, शिडीच्या पायऱ्या कमी-जास्त आहेत. बागेत सगळंच लाकडी, तेही सालीसकट, म्हणजे त्याला चेव चढणारच. बायको वैतागली.

"अहो, खेळायला आलोय आपण. ती टेप ठेवा बघू खिशात."

सगळ्यात जास्त गर्दी पोकळ ओंडक्यांपाशी होती. हिरवळीवर बारा-पंधरा ओंडके आडवे ठेवलेले, प्रत्येकासमोर एक बाक. मुलांनी एका तोंडातून शिरायचं, दुसऱ्यातून निघायचं. जवळजवळ प्रत्येक ओंडक्यावर करवतीची अर्ध्या बोटाची खाच होती, सुरू करून सोडून दिलेली.

"कुणा शिकाऊचं काम," तो हसला. बिनखाचेचा एकच ओंडका होता. तोच त्याने लेकीसाठी निवडला. तोंड मोजलं, बावीस इंच.

सात वर्षांची लेक चार वेळा आरपार गेली. पाचव्यांदा आत शिरली ती बाहेर आलीच नाही.

"चल गं, पुरे आता."

"थांब ना बाबा, आत केवढी जागा आहे!"

तो वाकला. जेमतेम आठ फुटांचा ओंडका, पण पलीकडचा उजेड दिसेना. धावत पलीकडे गेला, तर तिथे तोंड नव्हतंच. नुसती साल. परत येऊन त्याने टेप लावली. सतरा इंच. वीस वर्षांत ही टेप कधी खोटं बोलली नव्हती. पुन्हा लावली. सोळा. त्याने आत घुसायचा प्रयत्न केला, पण खांदे मावेनात.

आजूबाजूची गर्दी सगळी मोठ्या माणसांची आहे, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

शेजारच्या बाकावर एक बाई स्वेटर विणत होती, मोठ्या मापाचा.

"ताई, आमची मुलगी अडकलीये आत! कुणाला तरी बोलवा ना!"

"आमचाही आतच आहे," विणकामावरची नजर न काढता ती म्हणाली. "बाग उघडली त्या दिवसापासून. सहा वर्षांचा होता."

बाग उघडून दोन महिनेही झाले नव्हते.

"आता आवाज फुटलाय त्याचा," ती हळूच म्हणाली.

तो गाडीकडे पळाला, करवत घेऊन आला. बायको ओंडक्याच्या तोंडात हात घालून बसली होती. "आई इथेच आहे हं, बाळा." त्याने करवत सालीला लावली आणि दोनदा ओढली.

"बाबा, नको! दुखतंय मला!"

त्याचा हात जागीच थांबला. आजवर कुठल्याही लाकडापुढे त्याने हात टेकले नव्हते. त्याला रडू फुटलं.

सालीवर अर्ध्या बोटाची खाच पडली होती.

"बसा," बाईने त्यांच्या ओंडक्यासमोरच्या रिकाम्या बाकाकडे बोट दाखवलं.

"बागेचं फाटक कधी बंद होतं?" त्याने विचारलं.

"बंद नाही होत. उघडंच असतं."

उन्हं कलली. कुणीही उठलं नाही.

ओंडक्याचं तोंड आता मनगटाएवढं झालं होतं. बायकोचं बोट लेकीने आतून घट्ट धरून ठेवलं होतं.

"आई," आतून आवाज आला, "माझा फ्रॉक आखूड व्हायला लागलाय गं."