फिल्मवरची तीन बोटं

ही गोष्ट खरी आहे. कुंदामावशीने ती मला एकदाच सांगितली, तीही भरदुपारी.

१९८४ साल. मुलुंडची एक शाळा. तळमजल्यावरचा सात नंबरचा वर्ग वर्षभर बंद होता. जूनपासून तिथे पहिली भरणार होती, आणि मावशीची वसुधा त्याच पहिलीत जाणार होती.

मावशीचं काम शाळांमधला रेडॉन मोजायचं. जमिनीतून झिरपणारा, न दिसणारा किरणोत्सारी वायू. छताला छोटा डबा टांगायचा. आत टपालाच्या तिकिटाएवढी तांबडी फिल्म, तोंडाला फक्त वायू आत सोडणारा कागद, कडेने सीलबंद. नव्वद दिवसांत किरणांच्या खुणा फिल्मवर उमटतात. कॉस्टिक सोड्यात धुतली की त्यांचे ठिपके दिसतात.

मार्चमध्ये डबा टांगला. मेअखेरीस काढला. सील शाबूत होतं.

सूक्ष्मदर्शकाखाली फिल्म नेहमीसारखीच ठिपक्यांनी भरली होती...

मधे तीन जागा कोऱ्या.

तीन बोटांची टोकं. लहान मुलाची.

"हात लावला असशील गं," शेजारच्या टेबलावरचा श्यामकांत हसला.

"चिमट्याने धरते मी. आणि माझं बोट एवढंसं आहे का?"

त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. दोघांनाही एकच कळलं होतं. जागा इतकी कोरी राहायला बोटं किरण अडवत तिथेच टेकलेली हवीत... नव्वद दिवस. एकदाही न उचलता.

शाळेचा शिपाई सहदेव म्हणाला, "चावी माझ्या कमरेला असते बाई. आत कोण जाणार?"

मावशी मुख्याध्यापिकाबाईंकडे गेली. "तो वर्ग उघडू नका."

"रेडॉन जास्त आहे?"

"नाही."

"मग कारण काय लिहू?"

मावशी फिल्म उचलून निघाली. वसुधाला ऐन जूनमध्ये दुसरी शाळा कुठली मिळणार?

वर्ग उघडला.

तिने तिथे नवा डबा टांगला. सप्टेंबरमध्ये फिल्म पाहिली...

सगळीकडे सारखे ठिपके. बोटं नव्हती.

तिचा जीव भांड्यात पडला. घरी आली, तर वसुधा एकाच हाताने दप्तर काढायची धडपड करत होती. डावा हात बाजूला. बोटं अर्धी मिटलेली... कुणाचा तरी हात धरल्यासारखी.

"सोड गं. दोन्ही हातांनी काढ."

"मी कुठे धरलंय?" वसुधा रडकुंडीला आली. "तीच सोडत नाही, आई."

अहवालात मावशीने लिहिलं, प्रमाण सामान्य. दुसरं काही लिहायला रकानाच नव्हता.

वसुधाताई आता पन्नाशीला टेकली. मावशी अजूनही तिच्या डाव्या बाजूला बसत नाही.

मीही नाही.