रजेवरचं तळं

उर्मिया तळ्याच्या काठावर तो गुडघाभर खारट चिखलात रुतला होता.

"हलू नका!" मी ओरडले. "जितके हलाल तितके आत जाल."

"तुम्ही आयसान ना? सर म्हणायचे, माझी मुलगी आधी ओरडते... मग हात देते."

मी हात दिला. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते, आणि त्यांचं एक नवं वाक्य आज कानावर पडलं होतं.

तो तुंजाय. सीमेपलीकडच्या तुर्की विद्यापीठातला. वर्षानुवर्षं ठरलेल्या दिवशी तिकडे वान तळ्याचं पाणी मोजलं जायचं, इकडे बाबा उर्मियाचं मोजायचे. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय आमचं तळं का आटतंय ते कळत नाही. आमच्या इराणवरच्या निर्बंधांमुळे त्याच्या विद्यापीठाने आता हात आखडता घेतला होता. बाबांचं काम अर्ध्यावरच राहणार, हे मी धरून चालले होते.

"मग तुम्ही इथे कसे?"

"रजेवर आलोय. रजेवर माणूस कुठल्याही तळ्यावर जातो."

"सोबत बाटल्या, दोरी, तापमापक घेऊन?"

"हौस हो... दुसरं काय!"

काळ्या ओढणीआड मला हसू फुटलं.

आम्ही पाणी भरलं. त्याच्या पापण्यांवर मीठ चढलं होतं. सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही. मग थर्मासमधला चहा. तो साखरेचा खडा पेल्यात टाकू लागला.

"दातात धरायचा, साहेब. बुडवायचा नाही."

त्याने निमूट धरला. मग पाण्याकडे बघत म्हणाला, "तिकडचं मी सुट्टीच्या दिवशी मोजत राहीन. आणि दर महिन्याला... इकडे येऊ?"

"छे, छे, कशाला उगाच त्रास!"

आमच्याकडे पहिल्यांदा असंच म्हणतात. समोरच्याने पुन्हा विचारायचं, आपण पुन्हा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा मान डोलवायची.

त्याने पेला ठेवला. "बरं. तुमची इच्छा." आणि बूट झटकून रस्त्याला लागला.

मी बसून राहिले, दुसऱ्यांदा विचारेल म्हणून. वारा मीठ उडवत होता. तो मागे वळेना. लांबून बस येताना दिसली, तशी मी धावले.

"तुंजाय! अहो, एकदाच विचारून कुणी निघून जातं का?"

"तुम्ही नको म्हणालात—"

"म्हणणारच! पुन्हा विचारायचं असतं."

"किती वेळा?"

"रीत तीनदाची आहे."

बस थांबली. त्याने हात हलवून तिला जाऊ दिलं. "येऊ?"

तिसऱ्या खेपेची वाट मी पाहिली नाही.

"या," मी म्हणाले. "उद्या तळं आटून मोजायला काही उरलं नाही... तरी या."