मुलगा आणि त्याची गाडी

आमची पहिली भेट झाली तेव्हा उमैरने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो माझ्या खालूंकडे, म्हणजे मावशीच्या नवऱ्याकडे बघत होता.

सौदीत बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळून जेमतेम काही आठवडे झाले होते. मी तबूकच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. भारतातलं लायसन्स दाखवून इथलं काढलं आणि तडक जुन्या गाड्यांच्या एका शोरूममध्ये जाऊन उभी राहिले. सोबत साबिरा खाला आणि खालू, कारण मी त्यांच्याकडेच राहते. कडक इस्त्रीचा शर्ट, टाय, चापून बसवलेले केस — असा एक सेल्समन पुढे आला आणि खालूंना म्हणाला, "सर, कौनसी गाडी देखेंगे?"

"गाडी मला हवीय," मी म्हणाले. घाईत मराठीतच म्हणाले.

तो वळला आणि बघतच राहिला. खाला त्या बघण्याबद्दल अजून बोलते.

"कुठल्या तुम्ही?"

"श्रीवर्धनची."

"मी बाणकोटचा. मधे एक खाडी तेवढी…"

"खाडी तिकडं ऱ्हवली," खाला म्हणाली. "इथं गाडीची किंमत सांग, पोरा."

मधाच्या रंगाची एक छोटी गाडी मला आवडली. चालवून बघायला निघालो तर हा शेजारच्या सीटवर बसला आणि प्रत्येक वळणाला पाय दाबायला लागला. तिथं ब्रेक नव्हता. तरी तो दाबत होता.

"तुमच्या बाजूला काही बिघडलंय का?" मी विचारलं.

"नाही नाही… सवय आहे."

"मग माझ्या चालवण्याची पण सवय करा."

बोलून गेले आणि माझ्याच कानांच्या पाळ्या गरम झाल्या. मागच्या सीटवर खाला मुद्दाम खोकली.

गाडी घेतली. त्यानंतर दर आठवड्याला शोरूममधून फोन. टायरमधली हवा ठीक आहे ना? इंजिनचा आवाज नाही ना येत? इतकी काळजी विकलेल्या गाडीची कोणी करत नाही, हे मला कळत होतं. एकदा मीच म्हणाले, "हवा ठीक आहे, आवाज नाही, पाणी भरलंय. तुम्ही कसे आहात?" पलीकडे आधी एक खाकरणं. मग हळूच, "आता बरा आहे."

थोडक्यात काय, दिवाळीच्या आसपास त्याच्या आईकडून आमच्या घरी रिश्ता गेला. आणि रिश्त्यासोबत गेले त्याचे फोटो.

आता गल्फमधल्या पोरांचे फोटो कसे असतात ते आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. गाडीला टेकायचं, एक पाय दुसऱ्यावर, डोळ्यांवर गॉगल. गाडी कोणाची हे फोटोत दिसत नाही. उमैर तर गाड्यांच्या शोरूममध्येच होता. नवीन गाडी आली की टेकायचा आणि फोटो आईला पाठवायचा. पांढरी जीप, काळी जीप, लाल छताची कुठली तरी. त्या माउलीने ते सगळे बाणकोटभर दाखवले. ते खाडी ओलांडून श्रीवर्धनला पोचेपर्यंत आमच्या आत्यांनी ठरवून टाकलं, की मुलाचा सौदीत गाड्यांचा धंदा आहे. मी फोनवर सांगून दमले, की बाई, तो नोकरी करतो तिथं. "नम्र आहे हो मुलगा," आत्या म्हणाली.

अब्बांना मात्र फोटोंची भुरळ पडली नाही. इतकंच म्हणाले, "एक ताजा फोटो पाठवा. मुलगा आणि त्याची गाडी. मग सांगतो."

अब्बांच्या शब्दाबाहेर मी जाणार नव्हते. आणि उमैरशिवाय दुसऱ्या कोणाशी लग्न करायचीही माझी तयारी नव्हती. तेव्हा सगळं येऊन अडलं होतं ते त्या एका फोटोवर.

जानेवारीत डोंगरात बर्फ पडल्याची बातमी आली आणि अख्खं तबूक जबल अल-लौझकडे सुटलं. आम्हीही निघालो. मी स्टिअरिंगवर, उमैर शेजारी, मागे साबिरा खाला आणि तिच्या मांडीवर सांदणांचा डबा. आम्हा दोघांवर लक्ष ठेवायला ती आली होती, पण डोळे मिटून दुवा म्हणण्यातच तिचा सगळा वेळ चालला होता.

"इतकं घट्ट काय धरलंय दार?" मी उमैरला विचारलं.

"दार सुटू नये म्हणून."

"दार सुटणार नाही. गाडी कुठून घेतलीय माहितेय ना?"

तो हसला, पण वरवरचं. टायही नव्हता आज. वळण आलं आणि त्याचा पाय दाबला गेला.

वर पोचलो आणि मी गाडी थांबवून नुसती बघत बसले. वाळूच्या रंगाचे ते डोंगर पांढरे झाले होते. लोकांनी बर्फात सतरंज्या घातल्या होत्या, चुली पेटवल्या होत्या, चहा उकळत होता. कोणी बॉनेटवर बर्फाचा माणूस करून त्याच्या डोक्याला लाल चौकड्यांचा रुमाल बांधला होता. खालाने चिमूटभर बर्फ उचलून जिभेवर ठेवला आणि म्हणाली, "सरबत करायला बरं."

मी फोटो काढत सुटले. उंटाचे, खालाचे, उमैरच्या पापणीवर अडकलेल्या एका पांढऱ्या कणाचे.

"आता तो फोटो," खाला म्हणाली. "अब्बांचा."

जवळच एक उंच काळी जीप उभी होती. उमैरने मालकाला विचारलं, फक्त टेकू का? मालक इतका खूश झाला की स्वतः शेजारी येऊन उभा राहिला. मग त्याचे भाऊ आले. मग सगळ्यांना गहवा, म्हणजे इथली वेलदोड्याची कॉफी. फोटोत एक जीप, सहा सौदी आणि मधोमध दाढ दुखत असल्यासारखा उमैर.

"हस की," मी म्हणाले. रस्त्यात कुठं तरी 'तुम्ही' गळून पडलं होतं.

त्याने कप ठेवला आणि मला बाजूला नेलं. "समरीन, हा फोटो नको पाठवू."

"का?"

"शोरूममधली माझी नोकरी गेली. आता विक्रीला सौदी माणसं ठेवायची, असा हुकूम आलाय. परवा मीच नव्या मुलाला सगळं शिकवून आलो… तो चांगला आहे. चाव्या कुठं असतात, ते पण दाखवलं." तो बुटाने बर्फ उकरत होता. "एका वर्कशॉपमध्ये काम मिळतंय. आता वर्कशॉपचा मालक माझा कफील होईल, इकाम्याच्या कार्डावर पेशा म्हणून मेकॅनिक लागेल. टाय नाही, पगार कमी, हात काळे. आणि तुझ्या अब्बांना मी या जीपला टेकून फोटो पाठवू?"

मला राग आला. खरंच आला.

"म्हणजे मला तू दहा गाड्यांचा मालक म्हणून आवडलास, असं वाटतं का तुला?"

"आवडलास म्हणालीस?"

"विषय बदलू नकोस."

"नाही, पण… म्हणालीस."

"म्हणाले. आवडतोस. टाय तर मला पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता." माझा आवाज कापत होता, आणि त्याचं सगळं खापर मी थंडीवर फोडलं. "पण अब्बा नाही म्हणाले तर मी काय करू, ते मला माहीत नाही."

त्याने उकरलेला बर्फ बुटानेच परत सारखा केला.

परत निघायला गाडीत बसले तर गाडी जागची हलेना. मागची चाकं बर्फात रुतली होती. उमैर बाही सारून मागे गेला. "हळूहळू रेस दे," म्हणाला. मी दिली. जरा जास्त दिली. चाकांनी सगळा चिखलबर्फ त्याच्या तोंडावर उडवला, गाडी टुणकन पुढे आली आणि तो हात पसरून पालथा पडला. ते सहा सौदी धावत आले. आरशात पाहिलं तर केसांपासून हनुवटीपर्यंत पांढरा झालेला उमैर उठून बसला होता आणि पोट धरून हसत होता. इतकं मोकळं मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

"आला बरा," खाला फोन बघत म्हणाली. तिने मघाशीच उतरून फोटो काढला होता. गाडीची मागची बाजू, तिला लावलेले दोन हात आणि बर्फाने माखलेलं एक तोंड.

"खाला, पुसून टाका तो," उमैर म्हणाला.

"पाठवला की. आपल्या खानदानाच्या ग्रुपवर. खाली लिहिलंय पण, मुलगा आणि त्याची गाडी."

डोंगर उतरताना खालाने सांदण पुढे केलं, ते दगडासारखं झालं होतं. पायथ्याशी फोन वाजला. अब्बांचा आवाजी मेसेज. मी गाडी कडेला घेतली. उमैरने डोळे मिटले.

"अस्सलाम आलैकुम," अब्बा म्हणत होते. "समरीनच्या आईला मी कुवेतहून हिरव्या मोटारीला टेकून फोटो पाठवला होता. मोटार कफीलची. मी ती धुवायचो. लग्न झालं तशी ती विचारायला लागली, मोटार कुठाय? अजून विचारते. म्हणून ताजा फोटो मागितला होता. टेकणारा पोरगा मला लांबून कळतो. माझ्या लेकीची गाडी ढकलणारा आज बघितला. त्याचं तोंड पुसा, सर्दी होईल. आणि मंगनीची तारीख कळवतो."

मागून आईचा आवाज आला, "पण मोटार कुठाय?"

खालाने डोळ्यांना पदर लावला. उमैर खिडकीबाहेर बघत राहिला. त्याच्या कानामागे अजून थोडा बर्फ होता, तो मी बोटाने काढला. खालाने तेवढ्यापुरतं डबा उघडून आत बघितलं.

"अब्बांना मेकॅनिकचं सांगायला हवं," तो म्हणाला. "आजच."

"सांग. हात काळे झाले की फोटो पण पाठव."

मी गाडी सुरू केली. पुढे एक जीप चालली होती, तिच्या बॉनेटवर बर्फाचा माणूस वितळत चालला होता. वळण मोठं होतं आणि मी ते जरा वेगातच घेतलं. मागे खालाने दुवा सुरू केली.

मी हळूच शेजारी खाली बघितलं. उमैरने पाय मागे ओढून घेतला होता आणि बुटांच्या नाड्या सैल करून आरामात बसला होता.