पालथा नकाशा

"सूत्रधार कोण, ते आधी ठरवा," असं तोफ म्हणाली, तेव्हा ढापणीने चष्मा पुसून पुन्हा नाकावर चढवला आणि ती नम्र चेहरा करून बसली. आता सगळे आपलं नाव घेणार, मग आपण थोडे आढेवेढे घ्यायचे आणि शेवटी 'बरं बाई' म्हणायचं, एवढं तिने मनात रचूनही ठेवलं होतं.

तोफेने बोट दाखवलं ते पाहुण्याकडे. तोफ म्हणजे शेजारची मैत्रीण. तिचा आवाज एवढा मोठा, की तिने कुजबुजून सांगितलेलं गुपितही गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. आणि शेपट्या, ढापणीचा सख्खा धाकटा भाऊ, जन्मापासून तिच्याच मागे मागे फिरणारा, त्यानेही पाहुण्याकडेच बोट दाखवलं!

पाहुणा हा ढापणी आणि शेपट्याचा मामेभाऊ. सुट्टीला आला तो एका पिशवीत कपडे आणि दुसऱ्या पिशवीत खेळ घेऊन. खेळ असा, की एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं आणि आपण आता काय करणार ते बोलायचं. 'मी दार फोडते' म्हटलं म्हणून दार फुटेलच असं नाही. ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. या सुट्टीतली गोष्ट पाहुण्याने ग्रीक पुराणकथांवरून रचली होती. त्यात एक बेट होतं, बेटाखाली भुलभुलैया होता, भुलभुलैयात बैलाच्या डोक्याचा राक्षस होता, आणि वर डोंगरावर बसलेले, एकमेकांवर जळणारे देव होते. सुट्टीभर पुरेल एवढी मोठी मोहीम होती.

आता, गोष्टी सांगण्याचं खातं आजवर ढापणीकडे होतं. दिवे गेले की सगळे तिच्याभोवती गोळा व्हायचे. आणि हा परवा आलेला मुलगा आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला! ढापणीला त्याचा हेवा वाटला. इतका वाटला, की रात्री जेवताना त्याने मागितलेलं मीठ तिने ऐकूच आलं नाही असं दाखवलं.

पुढचे दिवस आणखी वाईट गेले. खेळायची जागा म्हणजे ढापणीच्या काकांच्या दुकानाची मागची खोली. काका फोटोंना आणि चित्रांना फ्रेम करून द्यायचे. खोलीत सरसाचा वास असायचा, भिंतीला लाकडी पट्ट्या टेकून ठेवलेल्या आणि मधोमध कापायचं मोठं टेबल. काकांनी पाहुण्याला दोन जाड करडे पुठ्ठे दिले, अगदी एका मापाचे. एक दुमडून त्याने आडोसा केला, सूत्रधाराने त्याच्यामागे बसायचं म्हणजे त्याची गुपितं कोणाला दिसत नाहीत. दुसऱ्यावर तो बेटाचा नकाशा काढत होता. नकाशा कोणी बघायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. भुलभुलैयाच्या वाटा आधीच कळल्या तर खेळाडू हरवणार कसे? काम झालं की तो नकाशा कपाटामागे सरकवून ठेवायचा.

आई म्हणायची, किती गुणी पोरगा, ताट स्वतः उचलतो. तोफ त्याला विचारून खेळातली आपली योद्धी तयार करत होती. पण ढापणीला खरं झोंबलं ते शेपट्याचं. तो आता पाहुण्याच्या मागे मागे फिरायचा, त्याचे ब्रश धुऊन द्यायचा. एकदा तर तिने हाक मारली तेव्हा "थांब गं, कामात आहे" म्हणाला.

खेळ सुरू व्हायच्या आदल्या दुपारी काका जेवायला घरी गेले होते. ढापणी मागच्या दाराने खोलीत शिरली आणि तिने कपाटामागून पुठ्ठा ओढून काढला. काय मोठं काढलंय ते बघू तरी, एवढंच तिच्या मनात होतं. टेबलावर ठेवून तिने तो पाहिला.

नकाशा वाईट असता तर ती हसून परत ठेवून गेली असती. पण तो सुंदर होता. निळ्या समुद्रात खवल्याखवल्यांचा साप पोहत होता, डोंगरावर ढगांच्या खुर्च्या होत्या, आणि बेटाचं पोट कापून दाखवावं तसा आत भुलभुलैया होता. तिचं बोट आपोआप वाटांवरून फिरू लागलं. राक्षस कुठे झोपतो, खोटं दार कोणतं, सगळं तिला कळलं. आपल्याला हे जन्मात जमलं नसतं, असं वाटून तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात बाहेर काकांची स्कूटर थांबली. निदान चित्र तरी दिसू नये म्हणून तिने पुठ्ठा टेबलावर पालथा घातला आणि ती मागच्या दाराने पसार झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे तयारीत आले. तोफेने कमरेला लाकडी पट्टी खोचली होती. शेपट्याने जुन्या पत्र्याच्या डब्याचं शिरस्त्राण घातलं होतं आणि त्यातून त्याला एकाच डोळ्याने दिसत होतं. पाहुण्याने कपाटामागे हात घातला. मग वाकून बघितलं. मग कपाटच पुढे ओढलं.

नकाशा नव्हता.

काकांना विचारलं तर ते करवत चालवता चालवताच म्हणाले, की मी तुमच्या चित्राबित्रांना हात लावत नाही, माझ्या दुकानात सुईसुद्धा जागची हलत नाही, वस्तू नीट ठेवायला शिका. एवढं बोलून ते कानावर ठेवलेली पेन्सिल शोधू लागले. ती शेपट्याने काढून त्यांच्या हातात दिली.

मागच्या खोलीत आल्यावर तोफेने ढापणीकडे रोखून पाहिलं. "तूच लपवलास. तो आल्यापासून तुझं पोट दुखतंय, आम्हाला काय दिसत नाही?"

पाहुणा फासे पिशवीत भरत म्हणाला, की जाऊ दे, नकाशाशिवाय मोहीम होणार नाही आणि तो पुन्हा काढायला आता सुट्टी पुरणार नाही. तो उद्याच घरी परत जाईन म्हणाला.

आणि खरं सांगायचं तर ढापणीला आनंद झाला. जाऊ दे त्याला! पुन्हा सगळे आपल्याभोवती बसतील, शेपट्या पुन्हा आपल्या मागे येईल. तेवढ्यात शेपट्याने शिरस्त्राण काढलं. डब्याच्या कडेने त्याच्या कपाळावर लाल रेघ उठली होती. त्याने तो डबा मुकाट्याने भंगाराच्या खोक्यात नेऊन ठेवला. ढापणीचा आनंद तिथेच आंबट झाला.

"मी लपवला नाही," ती म्हणाली. "पण मी तो काल चोरून बघितला. काका आले म्हणून टेबलावर पालथा टाकला आणि पळाले."

तोफ तोंड उघडून काहीतरी मोठं बोलणार होती. पण पाहुणाच आधी बोलला, अगदी हळू.

"आवडला का?"

ढापणीला वाटलं, हा टोमणा मारतोय. पण त्याचे कान लाल झाले होते. आल्या दिवसापासून त्याला जो तो सांगत होता, की ढापणीसारख्या गोष्टी कोणाला सांगता येत नाहीत. शेपट्या तर ब्रश धुतानाही तेच ऐकवायचा. त्यामुळे नकाशा तिला दाखवायचीच त्याला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

"फार आवडला," ढापणी म्हणाली. "म्हणून तर राग आला."

मग मात्र सगळ्यांची डोकी चालू लागली. पालथा पुठ्ठा म्हणजे वरून कोरा. काकांच्या कापायच्या टेबलावर कोरा पुठ्ठा दिसला तर काका काय करतील? उत्तर शेपट्याला पाठ होतं. टेबलावर जे असेल ते कापायचं, हा काकांचा नियम. आणि पुठ्ठ्याचा उपयोग एकच, फोटोच्या पाठीमागे लावून खिळे ठोकायचे.

चौघं खोक्यातल्या भंगारावर तुटून पडली. काचेचे तुकडे बाजूला सारत सारत पाहुण्याने तळातून दोन लांब पट्ट्या बाहेर काढल्या. एकीवर निळा समुद्र होता आणि दुसरीवर सापाची शेपटी.

म्हणजे उरलेलं बेट कोणाच्या तरी भिंतीवर, कोणाच्या तरी फोटोमागे तोंड लपवून बसलं होतं. कोणत्या फोटोमागे, ते कळायचं कसं? पाहुण्याने आडोसा उलगडून सपाट केला. तो नकाशाच्याच मापाचा होता. त्याच्या कडांवर दोन्ही पट्ट्या ठेवल्या, की मधे उरली ती फ्रेमची लांबीरुंदी. त्याने सुतळी घेऊन दोन्ही मापांना गाठी मारल्या. भुलभुलैयात शिरताना असाच दोरा न्यायचा असतो, म्हणाला. ढापणीला वाटलं, ही युक्ती मला का सुचली नाही? पण या वेळी ते वाटणं लगेच विरून गेलं.

काल काकांनी दोनच फ्रेम पोचवल्या होत्या. गाण्याच्या बाईंकडची सुतळीपुढे फारच लहान निघाली. दुसरी होती दाताच्या डॉक्टरांकडे, बसायच्या बाकाच्या वर भिंतीवर, त्यांच्या कॉलेजातल्या मित्रमंडळींचा मोठा फोटो. दाढ दुखत असल्यासारखा गाल धरून पाहुणा बाकावर चढला आणि त्याने सुतळी लावली. गाठी कोपऱ्यांवर बरोबर बसल्या. शिवाय फ्रेम भिंतीला नीट टेकतही नव्हती, पाठ फुगली होती. पण नावं पुकारणाऱ्या मदतनीस बाईंनी त्याला खाली उतरवलं. फ्रेमला हात लावायचा असेल तर फ्रेमवाल्यांना घेऊन या, म्हणाल्या.

फ्रेमवाले काका कसले येतात! "माझ्या हातून असली चूक?" ते हसले. "या कामात केस पांढरे झाले माझे." आणि ते चहा पिऊ लागले.

तोफ म्हणाली, आता काकांना ओरडूनच सांगते. पण ढापणीने तिला मागे ओढलं. माणूस कशाने ताडकन उठतो, हे गेले काही दिवस तिला स्वतःच्या पोटातून कळत होतं. आणि चौकात नवीन फ्रेमवाला आल्यापासून काका त्या रस्त्याने जातसुद्धा नसत, हेही तिला ठाऊक होतं.

"काका, एक विचारू?" ती गोड आवाजात म्हणाली. "डॉक्टरांकडची फ्रेम भिंतीपासून सुटलेली दिसते. आम्ही बघून आलो. त्यांनी ती चौकातल्या फ्रेमवाल्याला दाखवली तर?"

काकांचा चहा अर्धाच राहिला. हत्यारांची पिशवी काखेत मारून ते चालत नाही, पळतच निघाले. चौघं मागे.

डॉक्टरांच्या बाकावर फ्रेम पालथी घालून काका पुटपुटत एकेक खिळा उपटू लागले. पुठ्ठा जरा जाड लागला असेल, त्यात काय एवढं, वगैरे. मग त्यांनी पुठ्ठा उचलून उलटा केला आणि त्यांचं पुटपुटणं बंद झालं. बैलाच्या डोक्याचा राक्षस थेट त्यांच्याकडे बघत होता.

गडबड ऐकून डॉक्टर हातमोज्यांसकट बाहेर आले. आतला पेशंट तोंड उघडं ठेवूनच दाराशी आला. डॉक्टरांनी नकाशा बराच वेळ न्याहाळला.

"याचे दात वेडेवाकडे आहेत," ते गंभीरपणे म्हणाले. "बाकी काम अव्वल."

काकांनी कान पकडले. कोरा पुठ्ठा आहे म्हणून उलटूनही बघितला नाही, चूक माझी, असं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. मग पाहुण्याच्या पाठीवर जोरात थाप मारून म्हणाले, "शाबास! काय डोकं आहे!"

ढापणीला पुन्हा तीच जुनी कळ आली.

"सुतळी माझी," पाहुणा म्हणाला. "तुम्हाला इथवर कोणी पळवलं, ते विचारा ना."

काकांनी ढापणीकडे पाहिलं. चौकातल्या फ्रेमवाल्याचा उल्लेख त्यांना हळूहळू आठवला. आधी त्यांचा चेहरा पडला आणि मग ते इतके हसले, की मदतनीस बाईंनी हळू हसायला सांगितलं.

दुपारी काकांनी स्वतःच्या हाताने पट्ट्या सरसाने चिकटवून दिल्या. समुद्रात दोन ठिकाणी जोड दिसत होते, पण सापाला शेपटी परत मिळाली. शेपट्याने खोक्यातून शिरस्त्राण काढून डोक्यात घातलं. सगळे बसले, आणि तोफेने ढापणीसमोर हात आडवा धरला.

"हिला खेळता येणार नाही. हिने वाटा बघितल्यात."

तोफेचं म्हणणं खरं होतं, ते ढापणीलाही कळत होतं. ती उठली. पाहुणाही मान खाली घालून म्हणाला, की हो, नियम तसाच आहे, जिला सगळं माहीत आहे तिला खेळाडू होता येत नाही. आणि मग तो आडोशामागे आपल्या स्टुलावरच जरा बाजूला सरकला.

"पण देवांना सगळंच माहीत असतं," तो म्हणाला. "माझ्याच्याने ते देव होत नाहीत. त्यात ती देवांच्या राजाची राणी, तिला तर सगळ्यांचा हेवा वाटतो. तिच्यासारखं मी बोलायला लागलो, की तिला नुसती सर्दी झाल्यासारखं वाटतं."

ढापणीने चष्मा पुसला. ती आडोशामागे जाऊन त्याच्या शेजारी बसली, अर्ध्या स्टुलावर.

"ती मला येते," ती म्हणाली.

पाहुण्याने बेट सांगितलं, किनारा सांगितला, होडीतून उतरणारी दोन माणसं सांगितली. त्याला ते छान जमत होतं. मग तो थांबला आणि ढापणीने डोंगरावरून खाली बघितलं.

"कोण आलंय माझ्या बेटावर?" राणी म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण तोफेचा हात कमरेच्या पट्टीवर गेला. "माझं बेट, माझा समुद्र, आणि माझी माणसं दुसऱ्याच्याच मागे धावणार? बघतेच मी, तुम्ही या भुलभुलैयातून बाहेर कसे येता ते."

शेपट्याने शिरस्त्राण वर सारून दोन्ही डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. हातातला फासा टाकायचा तो विसरला होता.

दारात काका उभे होते, हातात अर्धवट कापलेली पट्टी. पुढच्या खोलीत कोणी गिऱ्हाईक कधीचं हाका मारत होतं.

"जरा थांबा हो!" काका मागे वळून म्हणाले आणि त्यांनी रिकामं स्टूल पुढे ओढलं. "पोरी, तू थांबू नकोस. पुढे काय होतं?"

ढापणीने पाहुण्याकडे पाहून, आता तू सांग, अशी मान हलवली. पुढचं त्याला माहीत होतं.