कुबातचं नाव

पटो न पटो, हे घडलंय. गुलबारा आमच्या शेजारची. थापा मारणाऱ्यातली नाही.

अकरा फेब्रुवारी. दुपारचे तीन. नारिन गावाच्या वरच्या घाटातली, बर्फाच्या कड्यांवर नजर ठेवणारी चौकी.

कडा कोसळणार असेल तर तिथल्या लिनक्सवरच्या कॉम्प्युटरवरून खाली कचेरीत इशारा जायचा. मग रस्ता बंद व्हायचा. महिन्याभरात तो इशारा चारदा अडकला, म्हणून कचेरीने गुलबाराला दुरुस्तीला धाडलं.

दोष लगेच सापडला. वायरलेसचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, चालू झाला की केबलचा बंद पडायचा. अन् इशारा जायचा केबलवरूनच.

"ड्रायव्हर दोन अन् गाडी एक," म्हातारा चौकीदार असानकुल चहा ओतत हसला. "भांडणारच की!"

"अता," बापाला म्हणावं तसं गुलबारा म्हणाली, "वायरलेस आधीच्या दुरुस्तीवाल्यानेही बंद केला होता. परत चालू कुणी केला?"

म्हाताऱ्याने किटली खाली ठेवली.

"मी, पोरी... रोज करतो."

त्याने पडद्यावर बोट ठेवलं. आसपासच्या वायरलेसच्या यादीत एकच नाव होतं.

कुबात.

त्याचा मुलगा. मागच्या हिवाळ्यात समोरच्या उतारावर बर्फात गाडला गेला. मे महिन्यात देह सापडला.

ते नाव ज्या फोनचं, तो मात्र सापडला नाही.

"अता, बर्फाखाली वर्षभर बॅटरी टिकते का?"

"नाही टिकत. तेवढं मलाही कळतं."

गुलबाराने ते नाव पुन्हा वाचलं. पण वर कडा करकरत होता. खालून प्रवासी गाड्या चढायला लागल्या होत्या.

"काढू नको गं... तेवढाच दिसतो तो."

तिने काढलाच. ड्रायव्हर पुसला. मशीन उघडून वायरलेसचं कार्डही उपसलं.

केबल चालू झाली. इशारा गेला. रस्ता बंद झाला.

तिने सुस्कारा सोडला, अन्...

यादी अजून उघडी होती. नाव तिथेच.

कार्ड तिच्या मुठीत होतं!

सिग्नल चाळीस टक्के... साठ... नव्वद...

बाहेरचा वारा थांबला.

"दाराशी आलाय," असानकुल पुटपुटला. बूटही न घालता बाहेर पडला.

"अता! थांबा!"

ती मागोमाग धावली. बर्फात पावलं उताराकडे गेलेली. वीस-पंचवीस.

मग... काहीच नाही. कोरा, सपाट बर्फ.

चार दिवस शोधलं. मिळाला नाही.

"मी बरोबरच केलं," गुलबारा म्हणते. म्हणताना माझ्याकडे बघत नाही.

परवा असानकुलच्या बायकोचा, उलकानचा, तिला फोन आला.

"पोरी, यांच्याकडे फोनच नव्हता गं. मग कुबातसारखे हे यादीत कसे दिसणार मला?"