अंगठा मोकळा ठेवावा

शुश्रूषागृह पाहायला गेलं की लोक आधी फरशी बघतात. मी टाचा बघते.

बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून काढली, त्यामुळे एवढं कळतं. पाहुणे यायच्या आत फरशी पुसता येते, टाच सुधारता येत नाही. माणूस अंथरुणाला खिळला असेल तर त्याची टाच आणि माकडहाड पाहावं. त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवलं जातं की नुसतं कागदावर लिहिलं जातं, ते तिथे दिसतं. मग नखं. मग जीभ, ओली आहे का. संडासात धरायला कडी आहे का आणि जोर दिला तर हलते का. आणि जायचं ते जेवणाच्या वेळी, भेटीच्या वेळी कधीच नाही.

हे सगळं मी नीरजसाठी करणार होते. नीरज माझ्या मोठ्या बहिणीचा, गोपिकाताईचा मुलगा. ताईला दोन वर्षांपूर्वी अर्धांग झालं. सिंदीला घरी ती, नीरज आणि दिवसा येणारी एक बाई, एवढेच. ताईच्या माकडहाडावर जखम झाली होती, रुपयाएवढी, आणि तीन महिने मलमपट्टी करूनही भरत नव्हती. नीरजची बदली पुण्याला झाली होती. पुढच्या सोमवारी त्याला हजर व्हायचं होतं.

"मावशी, तू हो म्हटलं तरच तिले तिथं ठेवीन," तो म्हणाला. "नाई म्हटलं तर नोकरी सोडतो."

"सोड. सिंदीच्या स्टेशनावर चहा विक."

"तुह्या हातचा शिकव, विकतो."

हसला, पण डोळे सुजलेले होते. रात्रभर आईजवळ बसलेला असणार.

मी गुरुवारी गेले. सेलूहून हिंगणीच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला केळीच्या बागा आहेत. त्या संपतात तिथे कालव्याच्या अलीकडे ही इमारत, चार वर्षांपूर्वी सुरू झालेली. नाव लिहीत नाही. एक मजला, पुढे व्हरांडा, मागे कपडे वाळवायच्या तारा. चैत्राचं ऊन होतं. दारात चपला काढायला लावल्या, ते मला बरं वाटलं. आत फरशी गार होती.

रत्नदीप तिथला प्रमुख. परिचारिकेचंच शिक्षण झालेला, तिशीतला, बोलायला नम्र. बाकी दोन बाया, शोभाबाई आणि मीराबाई. एकोणीस माणसं होती, त्यांतली अकरा पूर्ण अंथरुणावर. अकरांना दोन बाया म्हणजे कमीच. मी मनातल्या मनात एक गुण वजा केला.

"मॅडम, तुम्ही कुठंही पाहा," रत्नदीप म्हणाला. "कपाट उघडा, चादर उचला."

मी चादरी उचलल्या.

एकाच्याही अंगावर जखम नव्हती. अकरा माणसं, कोणी तीन वर्षं पडून, कोणी चार. माकडहाडं साफ. टाचा लहान मुलासारख्या मऊ. असं मी कुठल्याच दवाखान्यात पाहिलं नव्हतं, आमच्याही नाही.

फक्त तळवे काळपट होते. सगळ्यांचे. मी वहीत लिहिलं, 'तळवे अस्वच्छ'. लिहून झाल्यावर सवयीनं बोट फिरवून पाहिलं. बोटाला स्निग्ध करडं लागलं. वास घेतला. तूप.

मग मी ती ओळ खोडली. ती घाण नव्हती. काशाच्या वाटीनं तळवे घासले की असेच काळे होतात. हे मला न कळावं याचीच लाज वाटली. सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला होत्या, तेव्हा रोज संध्याकाळी मीच घासायची. तळव्याला तूप लावायचं, वाटी उपडी धरून गोल गोल फिरवायची. अंगातली उष्णता उतरते म्हणतात. सासूबाईंचा एक दंडक होता. अंगठ्याला वाटी लावायची नाही. "अंगठा मोकळा ठेवावा," त्या म्हणायच्या, "जायची वाट आहे ती." मी दवाखान्यात काम करणारी, असल्या गोष्टींवर वाद घालत बसले नाही. अंगठा सोडून घासत गेले. त्या एका पहाटे झोपेतच गेल्या. तेराव्याला मी ती वाटी दान दिली.

इथे अंगठेसुद्धा काळे होते. दोन्ही पायांचे, नखाच्या कडेपर्यंत.

"तळवे रोज घासता का हो?" मी शोभाबाईंना विचारलं.

"मी नाई वं बाई. मीराबाई घासते."

मीराबाई शेजारीच उशीचे अभ्रे बदलत होत्या. त्यांनी मान वर केली. "मी कवा घासू? मले कपडे धुता धुता दिवस मावळते. मी समजे तूच घासते म्हणून."

"माह्यापाशी वाटी तरी हाये का?"

"मंग कोन घासते?"

दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या, आणि हसू मध्येच थांबलं. रत्नदीप म्हणाला, "घरचे लोक येतात ना मॅडम, तेच करत असतील." अकरांतल्या सहांना चार वर्षांत भेटायला कोणी आलेलं नव्हतं. हे त्यानंच मला अर्ध्या तासापूर्वी सांगितलं होतं.

मी नोंदवह्या मागितल्या. पडल्याची नोंद, एकही नाही. तापाची, दोन. मृत्यूची वही वेगळी होती. उघडली तर पहिलं पान कोरं, दुसरं कोरं. नव्या वहीचा वास अजून येत होता.

"चार वर्षांत एकही नाही?"

"एकही नाही," रत्नदीप म्हणाला. त्यात अभिमान होता. पण तो वहीकडे पाहत नव्हता. "बापूजी एक्याण्णव वर्षांचे आहेत. कौशल्याबाई अठ्ठ्याण्णव. मोठ्या डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, आता घरच्यांना बोलावून घ्या म्हणून. बोलावलं. काही झालं नाही."

मला नीरजला फोन करून हो सांगायला हरकत नव्हती. गुण मोजले असते तर शंभरात पंच्याण्णव दिले असते. पण मी जेवणानंतरचं पाहिल्याशिवाय निघत नाही. जेवणानंतर नोकर पेंगतात, आणि तेव्हाच कोणाला तरी पाणी हवं असतं.

दीड वाजता तिघं मागच्या खोलीत जेवायला बसले. मला आग्रह केला, पण गुरुवारचा उपास. मी मोठ्या खोलीतच खुर्ची घेऊन बसले. दोन्ही बाजूंना खाटा, मधून वाट. कूलर बंद होता, वीज गेली होती. खिडकीला ओला पडदा होता, त्यातून वाळ्याचा वास येत होता. सगळे झोपले होते.

"कोन वं तू?"

दारापासून सहाव्या खाटेवर कौशल्याबाई होत्या. अंगावर मांस उरलं नव्हतं, डोळे मात्र टवटवीत.

"मी पाहायला आले, आजी. माझ्या बहिणीला इथे आणायचं आहे."

"नको आनू." मग छताकडे पाहून, "बरं ठेवतात. लय बरं ठेवतात."

"मग का नको?"

त्यांनी चादरीबाहेर पाय काढला. त्यालाच त्यांना बराच वेळ लागला.

"आंगठा पुसून दे न, बाई. या दोघीइले सांगतो, ऐकतच नाईत. म्हनतात, म्हातारी चळली."

"दुखतोय का?"

"मले जा लागते."

"कुठे?"

"आंजीले, माह्या गावाले. सारे वाट पाहून राह्यले."

माझे दोन नेम आहेत. सकाळी अंघोळ, तुळशीला पाणी आणि पोथीचा एक अध्याय, तो झाल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाही. दुसरा नेम नोकरी लागली तेव्हाचा. आजारी माणसानं काही मागितलं आणि ते देण्यासारखं असलं, तर नाही म्हणायचं नाही. माणसं मागतात तरी काय? उशी सरकव, खिडकी लाव, पाणी दे. इतक्या वर्षांत तो नेम मोडला नव्हता.

मी पदराचं टोक भिजवलं आणि त्यांचे दोन्ही अंगठे पुसले. एवढंसं करडं, पण निघायला वेळ लागला. तुपावर पाणी धरत नाही. शेवटी नखाखाली पुसलं, तेव्हा आतली कातडी गुलाबी निघाली. कौशल्याबाईंनी लांब श्वास सोडला.

"येजो," त्या म्हणाल्या. मला की आणखी कोणाला, कळलं नाही.

मी खुर्चीवर येऊन बसले. घड्याळात दोनला पाच मिनिटं होती.

आवाज आधी दाराजवळच्या खाटेकडून आला. ओळखीचाच आवाज, म्हणून प्रथम मी चमकलेही नाही. तूप जिरलं की वाटी किंचित करकरते. गोल, आणि पुन्हा गोल. एका लयीत.

त्या खाटेवर बापूजी होते. त्यांचा पाय चादरीबाहेर होता. कोणी घोट्याला धरून तळवा घासत असलं की पाय जसा हलतो, तसा तो हलत होता. बापूजी घोरत होते.

खाटेच्या पायथ्याशी कोणी नव्हतं.

मी पाहत राहिले. आवाज थांबला. मग पुढच्या खाटेशी सुरू झाला.

तिसऱ्या.

चौथ्या. घाई नव्हती. प्रत्येक पायाला सारखाच वेळ. काम नीट करणाऱ्या माणसाचा हात होता तो.

पाचव्या खाटेवरचे पुंडलिकराव झोपेत समाधानानं हुंकारले.

मग सहावी खाट.

तिथे आवाज झाला नाही. कौशल्याबाईंचा उजवा पाय चादरीवरून जरासा वर उचलला गेला. तसाच राहिला. कोणी तरी अंगठा पाहत होतं.

पाय हलकेच खाली ठेवला गेला.

मी उठून नाडी पाहिली. नव्हती. चेहऱ्यावर ताण नव्हता. बत्तीस वर्षांत इतकं सोपं जाणं मी एकदाच पाहिलं होतं, माझ्याच घरी.

पुढच्या खाटेशी आवाज सुरू होईल म्हणून मी वाट पाहिली. झाला नाही. खोलीत एकच माणूस जागं होतं आणि त्याच्या पायात चपला नव्हत्या. मी पुन्हा खुर्चीवर बसले आणि दोन्ही पाय वर, मांडीखाली घेतले. तिघं जेवून येईपर्यंत तशीच बसले.

रत्नदीपनं वही आणली. कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते त्याला आठवेना. मीच सांगितलं. शोभाबाई पदरात तोंड घालून रडल्या आणि मग म्हणाल्या, "सुटली वं माय."

नीरजला मी 'नाही' असं कळवलं.

"पन काऊन, मावशी? जखमा?"

"एकही नाही."

"खानं?"

"चांगलं आहे."

"मंग?"

"कारण विचारू नकोस. ताईला मी ठेवून घेते. तू पुण्याला जा."

रविवारी ताईला वर्ध्याला माझ्या घरी आणलं. माझ्या खोलीतच तिची खाट लावली. पहिली रात्र बरी गेली, मी तिला दोनदा कुशीवर वळवलं. सकाळी तिचे पाय पुसायला कोमट पाणी घेतलं आणि चादर वर केली.

तळवे करडे होते. अंगठे पण.

मी स्वयंपाकघरात जाऊन सगळी भांडी काढून पाहिली. मला माहीत होतं की घरात काशाचं भांडं नाही. तरी पाहिलं. मग ओला फडका घेऊन परत आले. ताई झोपली होती. पट्टी सोडून तिची जखम पाहिली. कडांना नवी कातडी धरली होती, तांबूस, चमकदार. तीन महिन्यांत जे झालं नाही ते एका रात्रीत.

फडका मी तसाच पिळून वाळत घातला.

नवव्या दिवशी जखम पूर्ण भरली. नीरज फोनवर रडला. "मावशी, तुह्या हातात देव हाये," म्हणाला. मी त्याला पुण्यातल्या जेवणाचं विचारलं. ताईचे गाल भरले, जीभ ओली, नखं गुलाबी. ओळखीचे डॉक्टर पाहून गेले आणि म्हणाले, "उज्वलाताई, अशा अजून पंधरा वर्षं काढतील." दोन वर्षांत ताईला जेमतेम चार शब्द जमत होते, तेही तुटक. ती आता रोज माझ्याकडे पाहत असे, काही तरी जुळवत असल्यासारखी.

काल सकाळी ती स्पष्ट बोलली.

"उज्वले," ताई म्हणाली. लहानपणी म्हणायची तसं. "माहा आंगठा पुसून दे."

मी देवासमोर पोथी उघडून बसले होते. त्या दिवसाचा एक अध्याय होऊन गेला होता. पान उलटलं आणि दुसरा वाचायला घेतला. तो संपल्यावर तिसरा.